‘होता’ आणि ‘हाया’

(नभोवाणीवरील भाषण)



धुळ्याहून मुंबई-आग्रा रस्त्यानें उत्तरेकडे निघालें कीं वाटेंत सोनगीर लागतें. टेकडीवर जुना किल्ला, पायथ्याशीं पेठ, आणि तांब्यापितळेच्या भांड्यांसाठीं खानदेशभर नांव. अशा गांवच्या माणसानें हिब्रू भाषेंतील क्रियापदांवर बोलावें हें आपणांस चमत्कारिक वाटेल. परंतु ज्या अडचणीविषयीं मला आज बोलावयाचें आहे ती समजावून देण्यास तांबटाच्या हातोड्याइतकें सोयीचें साधन मला दुसरें सांपडलें नाहीं.

दोन वाक्यें घ्या. ‘मी गेलों तेव्हां तांबट हंडा ठोकीत होता.’ हें पहिलें. ‘त्या काळीं तांबट पहांटे उठून हंडे ठोकीत असे.’ हें दुसरें. पहिल्या वाक्यांत एक हंडा आहे, एक सकाळ आहे, आणि अर्ध्यावर आलेलें काम आहे. हातोडा वर उचललेला असतांनाच आपण दारांत येऊन उभे राहिलों. दुसऱ्या वाक्यांत असे शेंकडों हंडे आणि शेंकडों पहांटा एकत्र आल्या आहेत. तेथें आपण कोणाला पाहिलें नाहीं, एका माणसाची रीत तेवढी सांगितली. आमचे व्याकरणकार पहिल्याला अपूर्ण भूतकाळ म्हणतात आणि दुसऱ्याला रीति भूतकाळ. जुन्या वळणाच्या मराठींत दुसऱ्यासाठीं ‘तो हंडे ठोकी’, ‘ती पाणी आणी’ असें सुटसुटीत रूपही आहे. तें बोलण्यांतून मागें पडत चाललें याचें मला वाईट वाटतें. पण तो आजचा विषय नव्हे.

इंग्रजींत पहिल्या वाक्याला ‘वॉज हॅमरिंग’ म्हणतात. ‘वॉज’ म्हणजे होता, ‘हॅमरिंग’ म्हणजे ठोकीत. शब्दाला शब्द असा चपखल बसतो कीं भाषांतर करणाराला विचार करण्याचें कारणच पडत नाहीं. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घेऊन बसलेल्या मुलांच्या पिढ्यांनीं ‘होता’ म्हणजे ‘वॉज’ हें समीकरण पाढ्यासारखें घोकलें, आणि या एका जागीं तें बहुधा खोटें पडलें नाहीं. पण जें दोन भाषांत सहज जुळतें तें तिसरींतही जुळेलच, असा मग मनाचा ग्रह होऊन बसतो. हिब्रू ही ती तिसरी भाषा.

हिब्रूंत ‘आहे’ या अर्थाचें क्रियापद वर्तमानकाळीं उच्चारीत नाहींत. ‘हू कोतेव’ एवढेंच म्हटलें कीं ‘तो लिहितो’ असाही अर्थ होतो आणि ‘तो लिहीत आहे’ असाही. ‘कोतेव’ हें वास्तविक धातुसाधित आहे. लिहिणारा, लिहीत असलेला, असा त्याचा मूळ भाव. भूतकाळीं मात्र ‘होता’ या अर्थाचा शब्द आहे, आणि तो आहे ‘हाया’. आतां इंग्रजी जाणणाऱ्या मराठी विद्यार्थ्याच्या मनांत काय येईल तें आपणच ओळखा. ‘वॉज’ म्हणजे ‘होता’, ‘होता’ म्हणजे ‘हाया’. ‘रायटिंग’ म्हणजे ‘लिहीत’, ‘लिहीत’ म्हणजे ‘कोतेव’. तेव्हां ‘ही वॉज रायटिंग’ याचें हिब्रू ‘हू हाया कोतेव’. दोन्ही शब्द खरे, दोन्ही रूपें शुद्ध. आणि आजच्या यरुशलेमांतला माणूस हें वाक्य ऐकून काय समजतो? ‘तो लिहीत असे.’ एखाद्यानें आपल्या थोरल्या चुलत्याविषयीं सांगावें, कीं तरुणपणीं काका कविता लिहीत असत, तसें.

याच जोडशब्दाला आणखी एक अर्थ आहे. ‘वेळ असता तर तो लिहिता’ असें जें आपण म्हणतों, तेथेंही हिब्रू माणूस ‘हाया कोतेव’ असेंच म्हणतो. घडून गेलेली रीत आणि न घडलेली गोष्ट, या दोहोंना एकच रूप! मराठी माणसानें याला हंसण्याचें कारण नाहीं. आमचें ‘लिहिता’ तरी काय आहे? तेंही त्याच धातुसाधिताच्या कुळांतलें.

मग अर्ध्यावर असलेली क्रिया हिब्रूंत सांगतात तरी कशी? साधा भूतकाळ वापरून. ‘कातव’ म्हणजे ‘त्यानें लिहिलें’ आणि ‘कातव’ म्हणजेच ‘तो लिहीत होता’. रूपांत भेद नाहीं; भेद संदर्भानें कळतो. संदर्भ अपुरा पडेल तेथें शेजारीं दुसरे शब्द आणून ठेवतात. ‘याशव वे-कातव’ म्हणजे अक्षरशः ‘बसला आणि लिहिलें’. पण भाव आपल्या ‘लिहीत बसला होता’ या बोलण्याचाच. कांहीं वेळां ‘बे-एमत्सा’ म्हणजे ‘मध्यें’ हा शब्द घालून ‘लिहिण्याच्या मध्यें होता’ असें म्हणतात. आणि पाहणारा माणूसच वाक्यांत आणला तर सारें सोपें होतें. ‘राइती ओतो कोतेव’, म्हणजे ‘मीं त्याला लिहितांना पाहिलें’. येथें धातुसाधित ‘कोतेव’ बिनधोक वापरावें, कारण त्याच्यामागें ‘हाया’ नाहीं. घोटाळा आहे तो ‘हाया’ या साथीदाराचा.

ही सारी व्याकरणाची कुरकुर झाली, हिचा संसाराशीं संबंध काय, असें कोणी म्हणेल. म्हणून एक प्रसंग कल्पूं. 2023 सालच्या मे महिन्यांत भारत आणि इस्रायल यांच्यांत 42,000 भारतीयांना तिकडे काम देण्याविषयीं करार झाला. बहुतेक जागा बांधकामाच्या, उरलेल्या वृद्धांच्या व रुग्णांच्या शुश्रूषेच्या. अशा कामावर गेलेली एखादी मराठी बाई डोळ्यांपुढें आणा. तिच्याकडे एक ऐंशी वर्षांचे गृहस्थ सोंपविले आहेत. इंग्रजी तिला बरें येतें, हिब्रू ती कामापुरतें शिकली आहे. रात्रीं म्हाताऱ्यांना घेरी येते, आणि त्यांची मुलगी दूरध्वनीवर विचारते कीं काय झालें. बाईच्या मनांत इंग्रजी वाक्य तयार आहे, कीं मी खोलींत आलें तेव्हां ते गोळी घेत होते. ती ‘वॉज टेकिंग’ याचें शब्दशः ‘हाया लोकेआख’ करते. मुलीच्या कानाला हें वाक्य अडखळतें. त्यांतून तिला जो अर्थ सहज लागतो तो असा, कीं बाबा पूर्वीं गोळी घेत असत; म्हणजे आतां घेत नाहींत. ती घाबरून म्हणते, मग आतां द्या! आणि ज्यांच्या पोटांत नुकतीच एक गोळी गेली आहे त्यांच्यापुढें दुसरी येते.

अशा वेळीं ‘लाकाख’, म्हणजे साधा भूतकाळ, घातला तर भागेल काय? पुरतें भागणार नाहीं. ‘मी आलें आणि त्यांनीं गोळी घेतली’ असा क्रम त्यांतून कोणी लावूं शकेल. सर्वांत सुरक्षित वाक्य तें, ज्यांत बाई स्वतः साक्षीदार म्हणून उभी राहते: ‘मीं त्यांना गोळी घेतांना पाहिलें.’ व्याकरणाच्या पुस्तकांत अपूर्ण भूतकाळाच्या धड्याखालीं हें वाक्य आपणांस सांपडणार नाहीं, कारण त्यांत अपूर्ण भूतकाळच नाहीं. चांगलें भाषांतर पुष्कळदां असेंच दुसऱ्या दारानें आंत येतें.

याच्या उलट प्रसंगही आहे, आणि तो मराठीच्या दृष्टीनें अधिक जिव्हाळ्याचा. मराठी आणि हिब्रू यांची गांठ कांहीं आज पडली नाहीं. कोंकणांतील बेने इस्रायल समाज पिढ्यान् पिढ्या मराठी बोलत आला. तेलाचा धंदा करणारे आणि शनिवारीं घाणा बंद ठेवणारे, म्हणून कुलाब्याकडील लोक त्यांना शनवार तेली म्हणत. जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्यानें या समाजाकरितां 1832 सालीं हिब्रू भाषेचें व्याकरण मराठींत लिहून मुंबईस प्रसिद्ध केलें. दादोबा पांडुरंगांचें महाराष्ट्र भाषेचें व्याकरण निघालें तें 1836 सालीं. म्हणजे त्यांच्या त्या प्रसिद्ध ग्रंथाआधीं चार वर्षें हिब्रूचें व्याकरण मराठी वाचकाच्या हातीं होतें! पुढें 1846 सालीं वल्हांडणाच्या रात्रीं वाचावयाची हग्गादा मराठी भाषांतरासह मुंबईंत छापली गेली, आणि जोसेफ इझिकिएल राजपूरकर (1834–1905) यांनीं हिब्रूंतील प्रार्थनाग्रंथ एकामागून एक मराठींत आणले. 1948 नंतर या समाजाचा मोठा भाग इस्रायलांत जाऊन राहिला. तेथें ‘मायबोली’ नांवाचें मराठी त्रैमासिकही त्यांनीं चालविलें.

आतां अशा एखाद्या घरांतली आजी कल्पा. ती मराठींत आठवणी सांगते आणि नातू त्या हिब्रूंत लिहून घेतो. ‘आमचे आजोबा शुक्रवारीं दिवे लागायच्या आंत घरीं येत होते,’ असें ती म्हणते. बोलण्याच्या मराठींत ‘येत असत’ असें म्हणण्याचा कंटाळा करून आपण सर्रास ‘येत होते’ म्हणतों. पण अर्थ रीतीचाच आहे. येथें नातवानें ‘हाया’ वापरलें तर तें अगदीं बरोबर. नव्हे, तेंच हवें. तेथें साधा भूतकाळ घातला तर आजोबा आयुष्यांत एकदांच वेळेवर घरीं आले असें वाटावयाचें! म्हणजे एकच मराठी रूप, ‘येत होते’; त्याला आठवणींत ‘हाया’ चालतें आणि घडलेल्या प्रसंगाच्या हकीकतींत चालत नाहीं. शब्दाकडे पाहून हें ठरविणें शक्य नाहीं. वाक्यांत घड्याळ आहे कीं पंचांग आहे तें पाहावें लागतें.

मराठी माणसापाशीं यासाठीं एक घरगुती कसोटी आहे. ‘होता’ काढून तेथें ‘असे’ घालून पाहा. अर्थ जसाच्या तसा राहिला तर ‘हाया’ निर्धास्तपणें वापरावें. अर्थ मोडला तर वापरूं नये. ‘मी गेलों तेव्हां तांबट हंडा ठोकीत असे’ असें म्हणून पाहा. जणूं कांहीं मी रोजच जात होतों आणि तो रोज माझीच वाट पाहून ठोकूं लागत होता! वाक्य मोडलें, तेव्हां ‘हाया’ नको. ही कसोटी इंग्रजापाशीं इतक्या हाताशीं नाहीं. ‘यूज्ड टु’ आहे खरें, पण मराठींत ‘होता’ आणि ‘असे’ एकाच जागेवर बसतात व एक काढून दुसरें ठेवतां येतें, ती सोय निराळीच.

हिब्रूंत हें असें पहिल्यापासून होतें काय? नाहीं, आणि येथेंच जुनें हिब्रू शिकलेला विद्वानसुद्धां फसतो. निर्गमाच्या तिसऱ्या अध्यायाच्या आरंभीं मोशे आपल्या सासऱ्याचीं मेंढरें राखीत असतांना त्याला जळतें झुडूप दिसलें. तेथें मूळ हिब्रूंत ‘हाया रोए’ अशी क्रियापदाची जोडी आहे. ‘राखीत होता’, अगदीं आपल्यासारखी. 1611 सालच्या इंग्रजी भाषांतरकारांनीं तेथें साधा भूतकाळ घातला, कारण त्यांच्या काळीं ‘वॉज कीपिंग’ अशा रचनेचा आजच्याइतका प्रसार नव्हता. 1885 सालच्या सुधारलेल्या प्रतींत मात्र ‘वॉज कीपिंग’ आलें. पौने तीनशें वर्षांत हिब्रू मूळ बदललें नाहीं. इंग्रजी बदललें आणि मुळाच्या जवळ आलें. आमच्या पंडिता रमाबाईंनीं हिब्रू व ग्रीक शिकून सबंध बायबल मराठींत आणण्याचें काम 1922 सालीं देह ठेवण्यापूर्वीं पुरें केलें. इंग्रजीच्या आडवळणानें न जातां मुळावरून भाषांतर करणाराला अशा जागीं मराठीची केवढी सोय, हें ‘हाया रोए’ आणि ‘राखीत होता’ शेजारीं शेजारीं ठेवले कीं ध्यानांत येतें.

पुढें मिशनेच्या काळांतील हिब्रूंत ही जोडी दोन्ही कामें करूं लागली. प्रार्थनेच्या नियमांत एक जागा आहे: कोणी धर्मग्रंथ वाचीत होता आणि तेवढ्यांत प्रार्थनेची वेळ झाली. तेथें ‘हाया कोरे’, आणि अर्थ स्पष्टपणें ‘वाचीत होता’. त्याच मिशनेच्या ‘अवोत’ नांवाच्या भागांत एकेका गुरूचीं वचनें देण्यापूर्वीं ‘हू हाया ओमेर’ असें पुनःपुन्हां येतें. आणि तें ‘तो म्हणत असे’. तेथें रीत, येथें घटका, रूप एकच. त्यानंतर अनेक शतकें हिब्रू ही ग्रंथांची व उपासनेची भाषा राहिली. एलिएझर बेन-येहूदा 1881 सालीं पॅलेस्टाइनला गेला व त्यानें घरांत हिब्रूच बोलण्याचा हट्ट धरला. त्याच्या पिढीपासून ती पुन्हां बाजारांत आणि स्वयंपाकघरांत आली. या नव्या बोलण्यांत ‘हाया’च्या जोडीकडे रीतीचा आणि संकेताचा अर्थ मुख्यत्वें राहिला, चालूं असलेल्या क्रियेचा अर्थ साध्या भूतकाळानें आपल्याकडे ओढून घेतला. म्हणून मोशेचें ‘हाया रोए’ वाचून शिकलेला विद्यार्थी दुकानांत जाऊन तसेंच बोलूं लागला, तर तो दुकानदाराला आपल्या बालपणच्या आठवणी सांगत आहे असें वाटेल.

आतां पुन्हां सोनगीरकडे वळतों. आमच्याकडे घरांत अहिराणी बोलतात. ग्रियर्सननें आपल्या भाषापाहणीच्या नवव्या खंडांत खानदेशीला भिल्ल बोलींबरोबर बसविलें. इकडचे पुष्कळ लोक तिला मराठीची बोली म्हणतात. तो वाद बाजूला ठेवूं. मला आज तिच्या एका गुणाकडे बोट दाखवायचें आहे. अहिराणींत ‘तो काय करस?’ असें विचारलें तर तो काय करतो, त्याचा धंदा काय, असाही अर्थ होऊं शकतो. पण ‘तो काय करी राहिना?’ असें विचारलें तर आत्तां, या घटकेला तो काय करीत आहे, एवढाच अर्थ. भूतकाळीं हेंच ‘करी राहिंता’ असें होतें. गांवोगांव उच्चारांत थोडाफार फरक पडतो. येथें साहाय्याला ‘होणें’ किंवा ‘असणें’ नाहीं, ‘राहणें’ आहे. क्रिया सुरू झाली आणि माणूस तींत राहिला, अजून बाहेर पडला नाहीं. वऱ्हाडांतलें ‘करून राहिला’ याच जातीचें, आणि हिंदींतलें ‘कर रहा था’ याचें नातेवाईक.

प्रमाण मराठीच्या ‘ठोकीत होता’ या रूपांत बोलतांना घटका आणि रीत एकमेकींत मिसळतात. अहिराणीच्या ‘ठोकी राहिंता’ यांत तसें सहसा होत नाहीं. तांबट ‘ठोकी राहिंता’ म्हटलें कीं हातोडा वरच आहे! म्हणून सोनगीरच्या मुलाला हिब्रू शिकायचें झालें तर मी त्याला सांगेन कीं इंग्रजी वाक्य आधीं आईच्या बोलींत म्हणून पाहा. जिभेवर ‘राहिंता’ आलें तर ‘हाया’ला हात लावूं नको. गोळीच्या प्रसंगांतली बाई खानदेशची असती, आणि तिनें मनांत एकदां ‘गोळी लई राहिंता’ असें म्हटलें असतें, तर घड्याळ कीं पंचांग हा प्रश्न व्याकरणावांचूनच सुटला असता.

परंतु आमच्या शाळांतून हें होत नाहीं. वर्गांत ‘करी राहिना’ असें शब्द तोंडांतून निघाले कीं मुलें हंसतात, मास्तर डोळे वटारतात, आणि पोर मान खालीं घालून ‘करीत आहे’ असें म्हणतें. शुद्ध मराठी शिकवूं नये असें माझें म्हणणें मुळींच नाहीं. मी स्वतः जन्मभर तेंच शिकवीत आलों. पण इंग्रजी अपूर्ण काळ समजावून देतांना जें रूप मुलाला तीन वर्षांचा असल्यापासून येतें त्याच रूपाची त्याला लाज वाटावयास लावणें, आणि मग फळ्यावर त्याच अर्थाची आकृति काढून ती समजत नाहीं म्हणून त्याला रागें भरणें, हा शहाणपणाचा मार्ग खास नव्हे. मराठी कानाला ‘असे’ची कसोटी, खानदेशी कानाला ‘राहिंता’ची, दोन्ही फुकट मिळालेल्या आहेत.

एक अपवाद सांगितला पाहिजे, नाहीं तर कोणी हिब्रू जाणणारा श्रोता मला पत्र लिहील. ‘तो झोंपला होता’ याला हिब्रूंत ‘हू हाया याशेन’ असेंच म्हणतात, आणि तेथें ‘झोंपत असे’ असा अर्थ व्हावयाची जरूर नाहीं. कारण ‘याशेन’ हें धातुसाधितही आहे आणि ‘निजलेला’ या अर्थाचें विशेषणही आहे. विशेषणापुढें ‘हाया’ नेहमींच सुखानें बसतें: थकलेला होता, आजारी होता, निजलेला होता. मराठींतही तसेंच आहे. दुपारीं तांबटाकडे गेलों तेव्हां तो ‘झोंपत होता’ असें आपण म्हणत नाहीं. ‘झोंपला होता’ असें म्हणतों. इंग्रज मात्र तेथेंही ‘वॉज स्लीपिंग’ म्हणतो आणि झोंपेलासुद्धां हंडा ठोकण्यासारखें काम समजतो.